सखारामचा रहाटपाळणा

सभासदहो, या फिरत्या वहीत आजच्या घटना क्रमाने नोंदवतो. सकाळी मनोरंजन-उद्यानांच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ पुण्याहून आपल्या वाचनालयात आला. दुपारी तो चाळत असताना देवळालीच्या जत्रेत रहाटपाळणा फिरवणारा म्हातारा सखाराम उघड्या पानावरचे पाळण्याचे चित्र पाहून दारात थांबला.

“गुरुजी, आमच्या पाळन्याचं लिवलंय का त्यात?”

मी सूची तपासली. परदेशी रहाटपाळण्यांवर संपूर्ण प्रकरण होते, आपल्या जत्रांवर ओळही नव्हती.

“न्हाई ना? दुष्काळानं जत्रा बंद. उद्या लाकडं सरपनाला इकतो.”

तो गेल्यावर ग्रंथकाराला मी बेजबाबदार ठरवले. मग या वहीची मागची पाने चाळली. वर्षानुवर्षे त्या पाळण्यात बसलेल्या आपणही त्यावर एक अक्षर लिहिलेले नाही.

पाळणा वर गेल्यावर तिथून तुम्हांला काय दिसले? वही पुढे देण्यापूर्वी प्रत्येकाने लिहावे. तोंडी उत्तर चालणार नाही.