चहा संपेपर्यंत

आमच्या कुमुदवहिनींना राग लपवता यायचा नाही. आधी नाक लाल व्हायचं, मग तोंड सुटायचं. अशी बाई पनवेलात लग्नाच्या जेवणाची कामं घ्यायची आणि आम्हा चौघींना सांभाळायची, हेच नवल. म्हणून त्यांनी स्वतःलाच एक नियम घालून घेतला होता. लग्नाच्या आदल्या दुपारी सगळ्यांनी चहाला बसायचं, काय बिघडलंय ते सांगून टाकायचं आणि हातातला चहा संपेपर्यंत कुणी कुणाला रागवायचं नाही.

नियम झकास होता, फक्त पाळत कुणी नव्हतं. "सगळं ठीक आहे वहिनी," म्हणत आम्ही बशीत चहा ओतायचो. आपणहून ओरडा खायला कोण जातंय?

एक्क्याण्णवच्या मे महिन्यात एका लग्नात वालाचं बिरडं होतं. वधूपित्यानं त्या बिरड्यासाठीच वहिनींना काम दिलं होतं. चहा आला आणि वहिनीच म्हणाल्या, "वाल आंबले गं. सोलून पाण्यात ठेवले होते, रात्री पाणी बदलायचं मी विसरले. बहिणीशी गप्पा मारत बसले."

मग गुणाबाईनं कप खाली ठेवला. ती उरणकडची, नुकतीच आलेली. कामाला वाघ, पण तोंडाला कुलूप.

"वहिनी, मला सकालीच वास आलता. पन बोलली नाय. आदी जितं कामाला होती, तितं जो सांगंल त्याच्याच माथी मारायचे."

सकाळी बाजारात सोललेले वाल घेऊन बायका बसतात. दुपारपर्यंत त्या उठूनही जातात. मला गुणाबाईचा असा संताप आला! वहिनींचं तर नाक पेटलंच होतं. त्यांनी गुणाबाईच्या कपात डोकावलं. तळाशी घोटभर चहा उरला होता. वहिनींनी किटली उचलली आणि कप काठोकाठ भरला.

"पी सावकाश," त्या म्हणाल्या. गुणाबाई रडायलाच लागली.

मग दोघी रिक्षानं वधूपित्याकडे गेल्या. तो भडकला, पण बेत बदलायला वेळ होता. भरल्या वांग्यांवर निभावलं. धाकट्या मुलीच्या लग्नाचं काम मात्र त्यानं दुसरीकडे दिलं. वहिनींना ते फार लागलं.

पुढच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, उजाडताना वहिनींच्या दाराची कडी वाजायला लागली. मी शेजारीच राहायचे, धडपडत बाहेर आले. दारात गुणाबाई, दोन्ही हातांत फोडलेल्या नारळाच्या वाट्या.

"वहिनी, नारल खवट हाय! दोन फोडले, दोनी खवट! बाजार आता उगडंल, चला!"

सगळी आळी जागी झाली. वहिनींचं नाक लाल झालं. मला वाटलं, आता बरसणार. तर त्या पदरानं डोळे टिपत आत वळल्या आणि चहाचं आधण ठेवलं.