लाँचची बॅटरी फुटली तो दिवस

कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवत होते, आणि कुणालाच नको असलेलं बोट क्लबचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. संगमाच्या अलीकडे, नदीकाठी आमची शेड होती. मुलंमुली वल्हवायचा सराव करत तेव्हा एक छोटी डिझेल लाँच त्यांच्या मागेमागे ठेवावी लागे, कुणी पाण्यात पडलं तर उचलायला. लाँच बंद तर सराव बंद, हा नियम मीच केला होता.

वार्षिक शर्यतींना चार दिवस राहिले आणि लाँच चालू होईना. किल्ली फिरवली की सेल्फ नुसता ‘टक’ करायचा आणि गप्प. बॅटरी उतरली, असं मी ठरवूनच टाकलं. सकाळी सातला शेडमधून लांब वायर ओढून चार्जर लावला आणि नाना पेठेतल्या बॅटरीवाल्या मिस्त्रींना निरोप धाडला. आमच्या प्रयोगशाळेतल्या बॅटऱ्या वर्षानुवर्षं तेच बघत. साठी ओलांडलेली, पांढरी दाढी, सायकलच्या कॅरियरला पत्र्याची पेटी. कमी बोलत, पण बोलले की लागेल असं बोलत.

ते अकराला आले. मागच्या बाकाखाली बॅटरीची लाकडी पेटी होती. तिचं झाकण त्यांनी उघडलं, वास घेतला आणि झटकन मागे सरले.

“झाकण लावून चार्जिंग कुणी केलं?”

“मी. पाणी उडेल म्हणून.”

“पाण्याची काळजी घेतलीत, छान. चार तासांचा गॅस कोंडलाय आत. आधी भिंतीवरचं बटण बंद करायचं. मग अर्धा तास हवा खेळू द्यायची. मग चार्जरचे चिमटे काढायचे. तोवर कशाला हात लावू नका.”

एवढं बोलून ते बाकापाशीच वाकून इंजिनाच्या वायरी बघू लागले. काठावर मुली ताटकळत होत्या. “मॅडम, होईल ना आज?” एकीनं विचारलं.

मिस्त्रींचं म्हणणं मला ऐकू आलं नव्हतं, असं नाही. हायड्रोजन म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला हवं होतं, असंही नाही. पण बारा व्होल्टनं माणसाला काही होत नाही, हे मी अकरा वर्षं वर्गात सांगत आले होते, आणि अर्धा तास मला फार वाटला. बटण बंद करायला शेडपर्यंतही गेले नाही. उभ्या उभ्या हात घातला आणि चिमटा ओढला.

ठिणगी दिसली. नंतरचा आवाज मी ऐकला की नाही, हे आजही सांगता येत नाही. कानांत एक शिट्टी तेवढी वाजत होती. बॅटरीचं वरचं कवच जागेवर नव्हतं. मिस्त्री गुडघ्यांवर बसले होते, दोन्ही तळवे चेहऱ्यावर.

मी नदीत ओंजळ बुडवली.

“नदीचं नको,” ते म्हणाले. “प्यायचं पाणी आणा. भरपूर.”

वॉचमननं शेडमधलं पाण्याचं पिंप ओढत आणलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. ज्याचा डोळा जळत होता तोच माणूस मला शांतपणे सांगत होता, “पापणी उघडी धरा. चोळू नका. थांबू नका, ओतत राहा.” पिंप तळाला गेलं तेव्हा वॉचमननं रिक्षा आणली.

दवाखान्यात बाकावर बसले तर साडीच्या निऱ्या हातात सुटून आल्या. सुती कापड जिथं जिथं धरावं तिथं पिठासारखं विरत होतं. तोवर मला कळलंच नव्हतं, की आम्लाचे शिंतोडे माझ्यावरही आले आहेत. मी त्या भोकांकडे बघत बसले. रडू येत नव्हतं, विचारही येत नव्हता.

डॉक्टर बाहेर आले. “लगेच धुतलंत म्हणून डोळा वाचला. उजव्याला जखम आहे, पट्टी राहील.”

मिस्त्रींची बायको धापा टाकत आली आणि आधी आत जाऊन आली. माझे हात धरून म्हणाली, “बॅटरी जुनी होती म्हणे. तुम्ही होतात म्हणून बरं.”

मी हबकले. आत, पट्टीखाली पडल्या पडल्या, ते माझ्यासाठी खोटं बोलले होते.

“नाही हो,” मी म्हणाले. “ते नको म्हणाले होते. चूक माझी आहे.”

तिनं माझे हात सोडले आणि पुन्हा आत गेली. तो क्षण मला स्फोटापेक्षा जड गेला.

शर्यती पुढे ढकलल्या. तीन आठवड्यांनी मिस्त्री नवी बॅटरी घेऊन आले. उजवा डोळा लाल होता, पण दिसत होतं. बॅटरी जोडली, मी किल्ली फिरवली. टक. आणि गप्प.

त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनाच्या अंगाला. “फिरवा किल्ली.” काटा जागचा जेमतेम हलायला हवा होता. तो थेट आठ व्होल्टांवर गेला, म्हणजे बॅटरीची वीज वाटेतच अडत होती. मग त्यांनी इंजिनाला बसणारा अर्थिंगचा जाड बोल्ट पान्यानं सोडवला. वायरीच्या टोकाखाली हिरवागार रंग होता. उन्हाळ्यात मीच हौसेनं इंजिन रंगवून घेतलं होतं, आणि रंगाऱ्यानं ती जागाही रंगवून वर वायर कसली होती. त्यांनी पॉलिश पेपरनं लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळला. पहिल्या किल्लीला इंजिन धडधडलं.

म्हणजे बॅटरी उतरलेलीच नव्हती. भरलेली बॅटरी मी बंद पेटीत चार तास उकळत ठेवली होती.

“घरी खोटं का सांगितलंत?” इंजिनाच्या आवाजात मला ओरडून विचारावं लागलं.

“खरं सांगितलं असतं तर तिनं मला इथं परत येऊ दिलं असतं का? तरी तुम्ही सांगितलंतच. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही ती.” त्यांनी इंजिन बंद केलं. “बांगड्या, घड्याळ काढून ठेवा, बाई. आता बॅटरी तुम्ही काढायची आणि तुम्हीच लावायची. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.”

“आज नको, मिस्त्री. हात थरथरताहेत.”

“थरथरू देत,” ते म्हणाले आणि पाना माझ्या हातात दिला.