खुंटीवरची दत्ताची बंदूक

वय झालं की किस्से साठतात, डब्यात जुने स्क्रू साठावेत तसे. कुठला कशाचा ते आठवत नाही, टाकवतही नाहीत. मी एम.एस्सी. झालेला माणूस, नगरच्या शाळेत जन्मभर सायन्स शिकवलं. पण यातलं किती खरं घडलं आणि किती मी मागाहून जुळवलं, याची मला सारखी धास्ती वाटते. तेव्हा ऐका, पण फार विसंबू नका.

लढाईचे दिवस होते. वामनरावांचं दुकान सायकलदुरुस्तीचं, पण जीव छऱ्याच्या बंदुकांत. नळी बिजागरीशी खाली मोडायची की आतली स्प्रिंग दाबली जाते. छरा भरायचा, नळी मिटायची, चाप ओढायचा. स्प्रिंग सुटते आणि हवेच्या दाबाने छरा बाहेर! विलायतेहून सुटे भाग येणं बंद झालं होतं. संध्याकाळी मी आणि बापूसाहेब वकील तिथल्या बाकावर बसायचो.

समोर खुंटीला एक बंदूक असायची. ती वामनरावांच्या मुलाची, दत्ताची. तो पलटणीत मोटार मेकॅनिक होऊन सिंगापूरला गेला. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि त्याची खबर बंद झाली. वामनराव दर रविवारी ती बंदूक उतरवून पुसायचे, थेंबभर तेल द्यायचे, एक छरा मारून परत टांगायचे.

"वापरात राहिली पाहिजे हो. आल्या आल्या मागेल तो!"

*

एक रिटायर्ड मामलेदार होते. बंदूक करकरते म्हणून त्यांनी आत खोबरेल ओतलं. ओतलं म्हणजे अक्षरशः ओतलं! पहिल्याच छऱ्याला आतल्या तेलाने पेट घेतला. धाडकन आवाज, नळीतून धूर. त्यात बेचाळीसचे दिवस. घटकेत हवालदार दारात आणि मामलेदारीणबाई माळ्यावर!

वामनरावांनी नळीचा वास घेतला. "साहेब, बंदूक आहे ही. हिची चंपी नाही करायची!"

*

आतल्या दट्ट्याला चामड्याचा वॉशर लागतो. विहिरीवरच्या जुन्या मोटेचं चामडं होतं तोवर भागलं, मग तेही संपलं. एके दिवशी बापूसाहेबांची एक चप्पल बाकाखालून गायब! बरीच शोधाशोध झाल्यावर वामनरावांनी खाली मान घालून तेलाची वाटी पुढे केली. आत एक गोल चकती भिजत होती.

"चामडं फार सुरेख होतं हो. राहवलं नाही."

बापूसाहेब एक पाय अनवाणी टाकत उठले. "या चपलेने आजवर एकही केस जिंकली नाही. आता निदान कावळा तरी मारेल!"

*

राहुरीकडचे एक बागाईतदार. पेरूवर पोपट फार पडायचे. त्यांनी नळी उघडी असतानाच चाप ओढला. नळी उसळून मिटली ती वाकूनच.

"वामनराव, आता भिंतीआडचा पोपट बी मरंल, न्हाई का?"

वामनराव हसले नाहीत. "नळी सरळ करू. पण आत स्प्रिंगही तुटलीय, आणि दुसरी नाही."

बागाईतदारांनी खुंटीकडे बोट केलं. "ती हाय की!"

"ती दत्ताची."

"मंग त्यो कुठं हाय?"

बाकावर आम्ही दोघेही चपापलो. वामनराव पाना शोधत म्हणाले, "येतोय."

शेवटी सायकलच्या सीटची स्प्रिंग बसवायचं ठरलं. मी कागदावर गणित मांडून सांगितलं, जमेल. छरा निघाला आणि माझ्याच पायाच्या अंगठ्यापाशी पडला.

"मास्तर," बापूसाहेब म्हणाले, "तुमच्या गणितात शत्रू फारच जवळ येतो!"

*

लढाई संपली. पलटणीतली मुलं नगर स्टेशनावर उतरू लागली. वामनराव रोज गाडीवर जायचे, मग जाईनासे झाले. रविवारचं तेलही थांबलं. मला दिसत होतं. विचारायचं धैर्य झालं नाही.

अशात साळूबाई आली. जत्रेत फुग्यांवर नेम मारायचा खेळ मांडायची.

"मामा, आतली स्प्रिंग तुटली, बंदूक मुकी झाली. जत्रा तोंडावर आली, घरात दोन ल्हान पोरं. कायबी बसवा, पन बोलती करा."

वामनराव उठले. बंदूक खोलायला दोघं लागतात. एकाने भार देऊन स्प्रिंग दाबून धरायची, दुसऱ्याने पिन काढायची. दाबायचं काम माझं. हात सटकला तर डोळा जाईल, ही माझी कायमची भीती.

"मास्तर, दाबा."

मी नेहमीसारखे डोळे मिटून दाबलं. पिन निघाल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर समोरची खुंटी रिकामी!

"अहो वामनराव, ही तर दत्ताची..."

"हळूहळू सोडा," ते म्हणाले.

ती स्प्रिंग साळूबाईच्या बंदुकीत गेली. ती गेल्यावर त्यांनी दत्ताची पोकळ बंदूक पुसली आणि परत टांगली. तेल दिलं नाही.

*

आणि मग दत्ता आला.

भर दुपारी दुकानाच्या दारात उभा. निम्मा झालेला, सदरा कुणा दुसऱ्याचा. वामनरावांनी बसल्या जागीच हातातला पाना खाली ठेवला. दत्ता सरळ खुंटीपाशी गेला, बंदूक काढली. मी अर्धवट उठून परत बसलो. बापूसाहेब तर आपल्या चपलांकडेच बघत बसले.

त्याने नळी मोडली. ती लुळ्या हातासारखी खाली पडली. मिटली, पुन्हा मोडली. पुन्हा तशीच पडली.

"स्प्रिंग?"

"दिली रे," वामनराव म्हणाले. "मला वाटलं, तू आता..."

दत्ताने बंदूक परत खुंटीला लावली आणि वडिलांशेजारी येऊन बसला.

"मलाही तेच वाटलं होतं, बाबा. चहा सांगा."