पाण्यात चालायचे बूट

पाण्यात कसं चालावं हे साऱ्या हिंगोली जिल्ह्यात फक्त एका माणसाला कळतं, आणि तो माणूस माझा मामेसासरा आहे, हे मी कुणाच्याही समोर छातीठोकपणे सांगू शकतो. बाकीची माणसं नदीवर मासे धरायला जातात. मामा नदीत चालायला जात, आणि हात रिकामे दिसू नयेत म्हणून गळाची काठी नेत. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या बाजारात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची, हा धंदा. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की मोटारी पटापट जळतात, म्हणजे खरं तर हाच त्यांचा कामाचा मोसम. पण नेमक्या त्याच दिवसांत कयाधू नदीचं पाणी गुडघ्याएवढं होतं, तळातले गोटे दिसायला लागतात, आणि मामांचं चित्त दुकानात राहत नसे. ऊन कललं की शटर अर्धं ओढायचं, त्यावर खडूनं 'आलोच' लिहायचं आणि स्कूटर काढायची. ते 'आलोच' मार्चपासून जूनपर्यंत कधी पुसलेलं मी पाहिलं नाही.

गिऱ्हाइकांनाही हे ठाऊक झालं होतं. एकदा आम्ही बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला धारेच्या मध्यावर उभे असताना एक शेतकरी मोटारसायकलच्या मागे मोटार बांधून थेट काठावर आला. मामांनी मान न वळवता विचारलं, "जळायच्या आधी आवाज कसा करून राहिली होती?" तो बिचारा काठावर उभा राहून दोन्ही गाल फुगवून मोटारीचा आवाज काढू लागला. मामांनी डोळे मिटून ऐकलं, आणखी एकदा काढायला लावला, आणि म्हणाले, "बेअरिंग गेलंय. तार बराबर हाय. दुकानापाशी ठिवा." मोटार उघडली तेव्हा खरंच बेअरिंग गेलं होतं.

पण त्यांची खरी विद्या पायांत होती. पाण्यात काय घालून उतरावं या एका प्रश्नावर त्यांनी पंचवीसेक उन्हाळे खर्च केले होते. अनवाणी उतरून पाहिलं, तर बाभळीच्या काट्यांनी आणि फुटक्या शिंपल्यांनी टाच चाळणीसारखी केली. रबरी स्लीपरनं पहिल्याच दिवशी दगा दिला. एक पायात राहिली आणि दुसरी वाहत निघाली, आणि मामा एका पायानं तिच्यामागे बंधाऱ्यापर्यंत गेले. मग गमबूट आणले. ते गुडघ्यापर्यंत उंच आणि पाणी गुडघ्याच्या वर. दोन्ही बूट काठोकाठ भरले, पाय उचलेना. काठावर येऊन ते पाठीवर झोपले आणि बूट रिकामे करायला पाय आभाळाकडे केले, तेव्हा सगळं पाणी, त्यातल्या दोन झिंग्यांसह, त्यांच्याच तोंडावर आलं. "झिंगे तेवढे घरी आणले," हे सांगताना त्यांचा चेहरा अजिबात हलत नसे.

शेवटी त्यांचं मन बसलं ते साध्या कापडी बुटांवर. दुकानातल्या तापलेल्या सोल्डरिंगच्या सळईनं ते बुटांच्या दोन्ही अंगांना भोकं पाडत. "पानी आत येणारच," ते म्हणत, "त्याला जायला वाट ठिवली की तकलीफ न्हाई." नाडीऐवजी मोटारीत वापरतात ती पांढरी सुती पट्टी, कारण नाडी भिजली की गाठ सुटते आणि पट्टी भिजली की आवळते. आणि तळाला घोंगडीचा तुकडा, पंक्चर काढायच्या सुलोचननं चिकटवून वर दाभणानं शिवलेला. शेवाळावर रबर घसरतं, लोकर धरते, हा शोध त्यांनी स्वतः लावला होता. घोंगडी मात्र मामींच्या माहेरची होती. दिवाळीनंतर थंडी पडली आणि मामींनी ती उलगडली, तेव्हा दोन कोपऱ्यांवर पावलांच्या आकाराच्या खिडक्या दिसल्या. मामी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "पाय तरी दोनच हायेत म्हणून बरं."

मोजेही लोकरीचेच हवेत असा त्यांचा आग्रह. भर मे महिन्यात, माणसं डोक्यावर ओला रुमाल टाकून फिरत असताना, त्यांनी मला घेऊन हिंगोलीच्या बाजारात लोकरीचे मोजे मागितले. दुकानदारानं आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, आजारी आहे का कुणी?"

"न्हाई. नदीत जायचंय."

त्यानं माळ्यावरून खोकं काढलं आणि पुसूनही न देता हातात ठेवलं.

मी तेव्हा सेनगावात नोकरीला होतो. लग्न नवं होतं, आणि मामेसासऱ्यांना नाही कसं म्हणायचं म्हणून त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. पहिल्या दिवशी मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, तर त्यांनी ती खाली सोडायला लावली. "भिजायला आलात का वाचायला, जावई?" मग चालण्याचे धडे. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. पुढचा पाय तळाला विचारून घेतो, आणि तळानं होकार दिला की मगच मागचा येतो. धारेला छाती दाखवून उभं राहायचं नाही, अंगाची कड द्यायची. तिथं पाणी गुडघाभर, त्यात म्हशीसुद्धा बसून भिजत नव्हत्या, पण मामा माझा दंड धरून असे चालवत जणू आम्ही पुरात उतरलोय. मी दहाव्या पावलाला घसरलो आणि कमरेपर्यंत बसलो. "तळानं न्हाई म्हणलं होतं," एवढंच ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी कागदावर माझं पाऊल आखून घेतलं आणि मलाही बूट करून दिले. असे सात उन्हाळे गेले. मासे फारसे लागले नाहीत. कधी दोन चिलापी, कधी बोटाएवढी मरळ, जी ते परत सोडून देत. मला आठवतं ते भिजलेल्या लोकरीतून पोटरीपर्यंत चढणारं गारपण आणि शेजारी चालणाऱ्या माणसाची ती मन लावून चाललेली गप्प पावलं. नंतर माझी बदली नांदेडला झाली.

दोन वर्षांपूर्वी मामा नदीवरून आले आणि ओट्यावर बसून बूट सोडू लागले. मामींनी पाहिलं तर डावा मोजा लाल झाला होता. बाटलीची काच घोंगडीतून, रबरातून थेट तळव्यात गेली होती, आणि मामा तशाच पायानं अख्खी दुपार चालले होते. त्यांना कळलंच नव्हतं. साखर किती वर्षांपासून होती कोण जाणे. मी नांदेडहून गेलो आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गळाच्या दोरीसारखा नायलॉनचा दोरा काढला, मामांना डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला ठिकठिकाणी टेकवत विचारलं, "कळतं का?"

"व्हय."

"इथं?"

"व्हय."

मग डॉक्टरांनी दोरा खिशात ठेवला आणि विचारलं, "आता?"

"व्हय," मामा म्हणाले.

 मी भिंतीकडे पाहत राहिलो. जखम भरायला पावसाळा गेला आणि एक बोट काढावं लागलं. पाण्यात उतरणं कायमचं बंद झालं. मामांनी वाद घातला नाही, फक्त दुकान संध्याकाळपर्यंत उघडं राहू लागलं. मामी फोनवर म्हणाल्या, "आता दिवसभर दुकानात बसून राहिले. मला ते बघवंना."

म्हणून या मे महिन्यात मी दोन दिवसांची रजा काढली आणि त्यांना नदीवर घेऊन गेलो. डॉक्टरांनी दिलेली मऊ निळी चप्पल घालून ते करंजाच्या सावलीत, कोरड्या खडकावर बसले. मी एकटा पाण्यात उतरलो. गळ टाकणार तेवढ्यात काठावरून आवाज आला.

"पायाखाली काय लागून राहिलं?"

"वाळू."

"बारीक का जाडी?"

मी पाय सरकवून पाहिला. "जाडी. साबुदाण्याएवढी."

"बराबर. आता सरळ या. गोटे लागतील."

गोटे लागले. कसे आहेत, हलतात का, शेवाळ आहे का, एकेक सांगत गेलो. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि निळ्या चपलेतलं पाऊल खडकावर हळूहळू पुढं सरकत होतं.

"आता डाव्या अंगानं गार पानी यील. झऱ्याचं हाय. आलं का?"

मी थांबलो. कोमट धारेत एक बारीक गार धार घोट्याला लागली. इतक्या वर्षांत मला ती कधी कळली नव्हती.

"आलं, मामा."

"लई गार हाय का?"

"लई गार हाय."

 मी त्या धारेत बराच वेळ उभा राहिलो. गळाला आमिष लावलंच नाही.

ऊन उतरल्यावर घरी आलो. मामींनी रिकामी पिशवी पाहिली आणि विचारलं, "मासे न्हाई लागले? मग एवढा येळ काय केलं?"

मामांनी चपला दारात काढल्या, दोन्ही नीट जोडून ठेवल्या.

"चाललो," ते म्हणाले.