आफ्रिकेच्या उद्धाराचं व्याख्यान

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं असेल. मी तेव्हा साताऱ्यात मास्तर होतो आणि व्याख्यानमालेचा चिटणीसही. त्या वर्षी मुंबईहून एक विद्वान आले. अनेक राष्ट्रांनी मिळून काढलेल्या एका मदतसंस्थेच्या समितीवर ते होते. विषय, आफ्रिकेचा उद्धार. स्वतः तिथे एकदाही गेले नव्हते, पण नकाशावर छडी अशी फिरवत होते, जणू घरचं वावर दाखवताहेत.

"तिथल्या माणसाला जेवायचं कसं इथपासून शिकवावं लागेल," असं म्हणून ते टाळ्यांसाठी थांबले. आम्ही वाजवल्या. मीही.

माझा थोरला भाऊ मेढ्याहून मला भेटायला आला होता, तो मागे बसला होता. लढाईत त्यानं आफ्रिकेतच, हबशांच्या मुलखात, लष्कराची लॉरी चालवली होती. तो उठला.

"सायेब, असल्याच एका समितीची मान्सं मी तकडं लॉरीतनं फिरवली. गावात उतरायची, बकरी किती, पोरं किती, समदं लिवून घ्यायची आन म्हागारी यायची. येकदा घाटात लॉरी मोडली. तीन दिस. आमचं डबं संपलं. तवा एका म्हातारीनं समद्यास्नी आंबूस भाकरी करून घातली. तिच्या घरात दानं किती हुतं, ते मी बघितलंय. समितीनं तिला काय दिलं, ठावं हाय?"

"काय दिलं?" विद्वानांनी विचारलं.

"तिचं नाव लिवून घेतलं."

कुणी तरी हसलं. विद्वान म्हणाले, "ड्रायव्हरला धोरण कळत नसतं." अध्यक्षांनी मला खूण केली आणि मी उठून त्या 'अमोल मार्गदर्शना'चे आभार मानले. भावाकडे बघायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी विद्वानांना पोचवायला मी सांगलीला गेलो. तिथेही तेच व्याख्यान. तीच छडी. मग आवाज कातर करून ते म्हणाले, "डोंगरातली एक निराधार वृद्धा. आमची माणसं तिच्या दारी पोचली आणि तिला पहिल्यांदा पोटभर अन्न मिळालं!" पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. टाळ्या थांबेनात.

मी उठून बाहेर आलो आणि मिळेल त्या गाडीनं परतलो. भावाला सगळं सांगितलं. तो नुसता हसला. मला हसू आलं नाही. आठवड्यानं मी चिटणीसपद सोडलं. पुढच्या वर्षीची तारीख विचारणारं विद्वानांचं पत्र आलं, ते माझ्याच पत्त्यावर. त्याला मी उत्तर दिलं नाही.