एकाच चौकटीतला ठराव

खिळेबाई शाळेत कधी गेली नाही. नवरा छापखान्यात जुळारी होता, म्हणजे शिशाची अक्षरं जोडून मजकूर उभा करणारा. त्याच्या शेजारी उभं राहून ती शिशाचे खिळे ओळखायला शिकली, म्हणजे अक्षरं आधी उलटी शिकली आणि मग सुलटी. नवरा खोकून खोकून गेला, तेव्हा प्रेसबिटेरियन ख्रिस्ती मंडळीच्या छापखान्याने त्याची जागा तिला दिली. दया नव्हती ती. तिच्याइतका चपळ हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, एवढंच.

बावीस वर्षं तिने मंडळीचं मासिक जुळवलं, नियमांचं पुस्तक दोनदा जुळवलं. खुर्चीवाल्यांना वाटतं, जुळारी नुसता खिळे लावतो, त्याला मजकुराशी काय घेणं! अहो, तुम्ही पानं उलटता. तो शब्द न् शब्द बोटाने चाचपतो.

तिची लेक धर्मशिक्षणाच्या परीक्षेत पहिली आली आणि तिने पाळकाची दीक्षा मागितली. पुस्तकात ज्ञान आणि वागणूक या दोनच अटी होत्या. बाई की पुरुष, याबद्दल अवाक्षर नव्हतं. झालं, बहुतेक पंच बिथरले. सगळ्यात पुढे कोण, तर खिळेबाईचा सख्खा दीर. छापखान्याचा कारभारीही तोच. दीक्षा फक्त पुरुषांनाच मिळावी, असा ठराव त्याने आणला. वार्षिक सभेत तो मंजूर झाला की पोरीचं दार कायमचं बंद.

पण नियम असा, की ठराव सभेच्या दहा दिवस आधी छापून टपालात पडला पाहिजे आणि विरोधकांचं म्हणणं त्याच पानावर, ठरावाच्या खाली पाहिजे. हाताने लिहिलेला, सह्यांचा मूळ कागदही दोन्ही मजकुरांना मिळून एकच. तिघा म्हाताऱ्या पंचांनी विरोध लिहून दिला होता. खिळेबाईने दोन्ही मजकूर जुळवून एका लोखंडी चौकटीत आवळून दगडी ओट्यावर ठेवले. दिवस शेवटचा होता. टपाल पाचला निघायचं.

दुपारी दीर चार दांडगट घेऊन आत शिरला. एकाच्या हातात पहार.

"वहिनी, खालचा मजकूर काढा."

"का? टोचतो का?"

"उलट उत्तर नको. काढा म्हणतो ना."

"भाऊजी, नियम तुमच्या पंचांचाच आहे. खालचं काढलंत तर वरचं रद्द. मीच जुळवलाय तो, दोनदा."

"खिळे लावणारी बाई आता मला नियम शिकवणार!"

"शिकला असतात तर शिकवायची पाळी आली नसती."

छपाईयंत्रापाशी उभा असलेला मशीनवाला खुदकन हसला, आणि त्या हसण्याने घात केला. दिराने तिच्या मुस्काटात मारली. ओठ दातावर फुटला. ती रडली नाही. चौकट ठोकायचा लाकडी हातोडा उचलून तिने त्याच्या मनगटावर असा हाणला, की तो गुरासारखा ओरडला. मग चौघं तुटून पडले. मशीनवाला मधे आला, तर त्याच्या बरगडीत पहार बसली आणि तो यंत्राखाली कोसळला. एकाने बाईचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं. दुसऱ्याने खिळ्यांचे खण उपडे केले. बावीस वर्षांची शिस्त फरशीवर खडखडत सांडली.

दिराने सह्यांचा कागद खुंटीवरून ओढून फाडला आणि तुकडे शिसं वितळवायच्या भट्टीत टाकले. मग दुखरा हात पोटाशी धरून चौकटीला खांदा लावला. बाई दगडी ओट्याला चिकटून उभी राहिली, दोन्ही हात चौकटीवर. चौकट उलटली ती तिच्या उजव्या हातावर. दोन बोटं जागच्या जागी चेचली.

"घ्या! आता छापा विरोध!" दीर धापा टाकत म्हणाला.

तेवढ्यात मासिकाचे संपादक धावत आले. फरशीवरचं रक्त त्यांना दिसलं की नाही, देव जाणे. ते म्हणाले, "ठराव कुठाय? तीन वाजले!"

दांडगट दाराकडे सरकले.

"त्या चौकटीतच होता," फरशीवर बसलेली खिळेबाई म्हणाली. "वरचाही आणि खालचाही."

"मूळ कागद तरी?"

तिने डाव्या हाताने भट्टी दाखवली.

आपलाच ठराव आपण भट्टीत घातला, हे दिराला आत्ता उमगलं. त्या तिघा म्हाताऱ्यांच्या सह्या आता पुन्हा कोण मिळवणार? आणि मिळाल्या तरी पाचच्या आत हा खिळ्यांचा चिखल कोण जुळवणार? तो निर्लज्ज माणूस गुडघ्यांवर आला. "वहिनी, तेवढा वरचा तरी जुळवा हो. घरची अब्रू आहे."

खिळेबाईने चेचलेला हात त्याच्या नाकासमोर धरला. "जुळवते की. आधी बोटं आणून द्या."

पाचचं टपाल ठरावाशिवाय गेलं. सभेत ठराव घेताच येईना. लाथाबुक्क्या झाल्या, खुर्च्या उडाल्या, पण जुन्या अटींवर पोरीच्या दीक्षेसाठी मत घ्यावंच लागलं आणि ती चार मतांनी निवडून आली. खिळेबाईची दोन बोटं डॉक्टरांनी कापली. दुसऱ्या दिवशी दिराने तिची नोकरी कापली.

दीक्षेच्या सकाळी दारावर पोलीस नव्हता. मागूनही दिला नव्हता. मंडळीच्या म्हाताऱ्या पाळकांनी गुडघे टेकलेल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, तोच खिडकीची काच फुटली. दगड पोरीच्या कपाळावर बसला. रक्त भुवईवरून पाळकांच्या बाहीवर ओघळलं. लोक बाकांखाली दडले. पाळकांचा हात हलला नाही. पोरही हलली नाही. दुसरा दगड आला, तो वेदीवर आपटला. प्रार्थना शेवटच्या शब्दापर्यंत पुरी झाली.

मग खिळेबाई उठली, खिडकीपाशी गेली आणि बाहेरच्या ठराववाल्यांच्या घोळक्यावर ओरडली, "झाली दीक्षा! आता मारा, किती मारायचे ते!"