पूतनेचा आवाज

माझ्या पायांवरचं ओलं पोर त्याच्या आजीने ओढून घेतलं आणि ती सुनेवर ओरडली, "पूतनेच्या पायांवर दिलंस व्हय गो त्याला?"

पेणमध्ये तान्ही बाळं न्हाऊ घालून मी पोट भरत होते. त्या वर्षी आळीच्या गणपतीपुढे बाळकृष्णाचा हलता देखावा होता. माझा घसा खरखरीत, म्हणून पूतनेचा आवाज मी दिला. ती कॅसेट भोंग्यावर रोज वाजायची. लोक कंटाळू नयेत म्हणून मधे मी पडद्यामागून त्याच आवाजात प्रश्न विचारायचे. "सांगा, पूतनेला जाळली तेव्हा धुराला वास कसला आला?"

कुणी म्हणे चामड्याचा, कुणी सुक्या मासळीचा. बरोबर उत्तर या आजीनेच दिलं होतं. "चंदनासारखा! कृष्ण तिचं दूध प्याला, म्हणून तिला आईची जागा मिळाली." आजीला बक्षीस म्हणून नारळही मिळाला.

पोर ओढून नेलं त्याच संध्याकाळी त्याला ताप भरला. मग मला कुणीच बोलावेना. शेवटी मी आजीला गाठलं. "ते चंदनाचं तूच सांगितलंस ना?"

"सांगितलं. पण ती गोष्ट हाय, नि पोर माझं हाय."

मी रोह्याला बहिणीकडे गेले. तिथे ती कॅसेट कुणी ऐकलेली नव्हती. थकल्या अंगाने तिथली पोरं न्हाऊ घालू लागले. पेणच्या पोराचा ताप उतरला. ते जगलं, आणि मीही जगले.